अँटिक प्रदर्शनांसाठी गाडी निवडताना: सुरुवात मागच्या दारापासून

अँटिकच्या धंद्यात नवा उतरलेला माणूस गाडी बघायला गेला की आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिन कसं आहे, मायलेज किती देते, रनिंग किती झालंय. प्रश्न बरोबर आहेत, पण ते नंतरचे. प्रदर्शनाच्या दिवशी स्टिअरिंगवर जाणारे तास बसून जातात. घाम निघतो तो मागच्या दाराशी. पहाटे माल उतरवताना निघतो आणि संध्याकाळी त्याहून जास्त, कारण तेव्हा न विकलेला माल आणि दिवसभरात घेतलेला माल एकाच गाडीत कोंबायचा असतो, अंगात त्राण नसतं आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. म्हणून इथे गाडीकडे मागच्या बाजूने बघू.

पहिली पायरी: आधी माल मोजा, गाडी नंतर

गाड्यांच्या जाहिराती उघडण्याआधी घरात किंवा गोदामात तुमचा पूर्ण स्टॉल एकत्र करा. एका प्रदर्शनाला जेवढा माल नेता तेवढा सगळा, आणि त्याबरोबर स्टॉलचं सामानही: घडीची टेबलं, शेल्फ, टेबलावरचं कापड, दिवे, एक्स्टेन्शन बोर्ड, काचेची कपाटं, उघड्यावरचं प्रदर्शन असेल तर तंबू आणि त्याची वजनं, दोन खुर्च्या, पॅकिंगचे रिकामे खोके. नवखे लोक मालाचा हिशोब करतात आणि हे सामान विसरतात. छोट्या वस्तू विकणाऱ्याच्या गाडीत कधीकधी मालापेक्षा स्टॉलच जास्त जागा खातो.

आता हे सगळं गाडीत भरल्यासारखं रचा आणि जमिनीवर त्याभोवती खडूने चौकट आखा. लांबी, रुंदी, उंची लिहून काढा. त्यानंतर सगळ्यात मोठ्या नगाची तिन्ही मापं वेगळी घ्या. पाय, मुठी, वरची कोरीव महिरप, जे निघत नाही ते सगळं धरून. कपाट ९० सेंटिमीटर रुंद आहे असं म्हणतो आपण, आणि त्याच्या माथ्यावरची पट्टी दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर बाहेर आलेली असते. दारात अडकते ती हीच पट्टी.

त्या चौकटीत परतीची जागा धरायला विसरू नका. जाताना गाडी गच्च असेल तर खरेदी कुठे ठेवणार? विकल्यावर जागा होईलच, असं वाटतं. पण पहिल्या दिवशी विकल्या जातात त्या बऱ्याचदा हातात मावणाऱ्या वस्तू, आणि मनात भरतं ते शेजारच्या स्टॉलवरचं टेबल. शिवाय चांगले सौदे बरेचदा दारं उघडण्याआधीच, व्यापारी आपापला माल मांडत असताना, एकमेकांत होतात. त्या वेळी तुमचं काहीही विकलेलं नसतं. मी निदान पाचवा हिस्सा जागा मोकळी धरायला सांगेन. फर्निचरवाल्याने याहून जास्त धरावी.

एक गोष्ट मात्र पक्की करा. चौकट नेहमीच्या फेरीची आखा. वर्षातून एखाद्या वेळी हाती लागणाऱ्या अजस्र कपाटासाठी वर्षभर मोठी गाडी पोसू नका. त्या एका फेरीसाठी भाड्याची गाडी मिळते.

दुसरी पायरी: वजनाचं गणित

जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही, आणि गाडी बसते ती वजनाने. प्रत्येक गाडीच्या कागदावर आणि दाराजवळच्या पट्टीवर तिचं जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की पेलोड उरतो. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापतात. तुमच्या मालाच्या वाट्याला तो पूर्ण येत नाही.

उदाहरण घ्या. एकूण वजन ३,५०० किलो, रिकामी गाडी २,१०० किलो. उरले १,४०० किलो. तुम्ही आणि सोबतचा माणूस मिळून दीडशे. आतलं प्लायचं अस्तर, मधलं पार्टिशन, रॅक मिळून शंभर. स्टॉलचं सामान दीडशे. मालासाठी राहिले १,००० किलो. मागे टेल लिफ्ट (माल यंत्राने वर-खाली करणारी फळी) बसवली असेल तर तिचे शंभर-दीडशे किलो आणखी गेले. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि इंधन धरलंय की नाही, हे प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. तेवढी ओळ वाचून घ्या.

आता हे १,००० किलो म्हणजे किती? जुनी पुस्तकं विकत असाल तर ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा भरलेला खोका साधारण २० किलोचा होतो. असे ५० खोके झाले की वजन संपलं. हे पन्नास खोके जागा खातात जेमतेम १.८ घनमीटर. दहा घनमीटरची व्हॅन असेल तर तिचा पाचवा हिस्सासुद्धा भरलेला नाही, आणि तरी ती कायद्याने आणि स्प्रिंगांच्या दृष्टीने भरलेली आहे. पुस्तकं, संगमरवर, ओतीव लोखंडाच्या वस्तू, नाणी, जुनी अवजारं विकणाऱ्यांनी गाडी किलोत मोजावी. चिनी मातीची भांडी, दिवे, खुर्च्या, आरसे विकणाऱ्यांनी घनमीटरमध्ये. खुर्च्यांनी भरलेली व्हॅन म्हणजे बरीचशी हवाच असते.

संगमरवराचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ६० बाय १२० सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा टॉप जवळजवळ ३९ किलोचा भरतो. असे चार टॉप म्हणजे दोन माणसं जास्त बसवल्यासारखं. ते ठेवायचे उभे, काठावर, कधीही आडवे नाही. आडवी फरशी खड्ड्यात स्वतःच्याच वजनाने तडकते.

पहिल्या पूर्ण भरलेल्या फेरीला वाटेतल्या वजनकाट्यावर गाडी चढवा. एकूण वजन बघा आणि जमलं तर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड असू शकतो, कारण जड नग आपण सोयीसाठी दाराशीच ठेवतो. टायरमधली हवाही भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवा. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतात.

परवान्याचा प्रश्नही वजनाशीच बांधलेला आहे. युरोपात मोटारीचा साधा परवाना सर्वसाधारणपणे ३,५०० किलो एकूण वजनापर्यंत चालतो. भारतात हलक्या वाहनाची हद्द ७,५०० किलो आहे. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात धंद्यासाठी १०,००१ पौंडांची, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंची किंवा त्याहून जड गाडी नेली की व्यावसायिक वाहनांचे संघीय नियम लागू होतात, आणि ट्रेलर जोडला असेल तर दोघांचं मिळून वजन धरतात. एक पायरी मोठी गाडी घेतल्याने परवाना, कर, वेगमर्यादा, पार्किंग असं सगळंच बदलणार असेल, तर ती पायरी चढण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम तपासा.

तिसरी पायरी: मागचं दार

इथे वेळ घ्या.

चार मापं घ्यायची: दाराच्या तोंडाची रुंदी, तोंडाची उंची, चाकांवरच्या उंचवट्यांमधलं अंतर आणि जमिनीपासून मजल्याची उंची. आतली उंची आणि दाराची उंची सारखी नसते, दार नेहमी थोडं बुटकं असतं. मोठ्या पॅनल व्हॅनमध्ये (मागे खिडक्या नसलेली, बंद पत्र्याची व्हॅन) चाकांच्या उंचवट्यांमधली जागा साधारण १.३५ ते १.४५ मीटर असते. म्हणजे १२० सेंटिमीटर रुंद नग खाली सपाट बसतो, दीड मीटरचा बसत नाही, तो उंचवट्यांवर टेकतो.

मजल्याची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या व्हॅनमध्ये खालून शाफ्ट जात नसल्यामुळे मजला खाली बसवता येतो. फियाट डुकाटो आणि तिच्याच साच्यातल्या प्यूजो बॉक्सर, सिट्रोएन जंपर यांचा मजला जमिनीपासून ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या व्हॅनमध्ये, उदाहरणार्थ मर्सिडीज स्प्रिंटरच्या त्या प्रकारात, तो ७० च्या घरात जातो. पंधरा सेंटिमीटरने काय बिघडतं, असं शोरूममध्ये वाटतं.

आता ८० किलोचं खणांचं कपाट ट्रॉलीवर घ्या आणि २.१ मीटरच्या रॅम्पवरून चढवा. ७० सेंटिमीटरच्या मजल्याला रॅम्पचा चढ साडेएकोणीस अंशांच्या आसपास येतो आणि कपाट वर ढकलायला सुमारे २७ किलोचा जोर लागतो, ट्रॉलीचं वजन आणि चाकांचं घर्षण सोडून. मजला ५५ वर असेल तर चढ पंधरा अंशांवर येतो आणि जोर २१ किलोवर. ७० च्या मजल्यालाच तीन मीटरचा रॅम्प लावला तर जोर १९ किलोपर्यंत उतरतो, पण एवढा लांब रॅम्प गाडीत ठेवणार कुठे आणि प्रदर्शनाच्या गर्दीत मागे तीन मीटर मोकळी जागा देणार कोण? शिवाय उतरवताना हाच जोर उलटा लागतो. कपाट तुमच्या अंगावर येत असतं आणि ओल्या रॅम्पवर बूट सरकत असतो. एकटे फिरत असाल आणि फर्निचर विकत असाल तर खालचा मजला किंवा टेल लिफ्ट, दोन्हींपैकी एक घ्याच. पाठीचं दुखणं या धंद्यात बहुतेकांना होतं, पण ते लवकर यायलाच हवं असं नाही.

दारं कशी उघडतात तेही बघा. वर उचलायचं एकच दार पावसात छताचं काम करतं, पण त्याला मागे जागा लागते, आणि तुमची गाडी दुसऱ्या गाडीला चिकटून उभी असेल तर ते उघडतच नाही. दोन पाखांची दारं ९० अंशांवर अडकतात, १८० वर पूर्ण बाजूला जातात, काही गाड्यांत २७० अंशांत फिरून बाजूच्या पत्र्याला टेकतात. स्टॉलच्या गल्लीत ही शेवटची सोय फार कामाची. बाजूचं सरकतं दार असेल तर आणखी बरं. पुढचा माल काढण्यासाठी मागचा सगळा उतरवावा लागत नाही.

चौथी पायरी: कोणत्या जातीची गाडी

दागिने, नाणी, घड्याळं, लहान चांदीच्या वस्तू, पोस्टकार्डं, छापील चित्रं. यासाठी साधी मोटार पुरते, आणि तीच घ्यावी. बंद डिकीची, कोणाच्या नजरेत न भरणारी. दागिन्यांच्या व्यापाऱ्याने मोठी व्हॅन घेणं म्हणजे आत काहीतरी आहे हे चोराला स्वतःहून सांगणं.

चिनी माती, काच, दिवे, छोटी टेबलं यांसाठी मागच्या सीट काढता किंवा घडी करता येणारी एमपीव्ही, म्हणजे कुटुंबासाठीची मोठी मोटार, उत्तम. मजला खाली असतो, चालवायला मोटारीसारखीच, आणि घरच्यांनाही वापरता येते. तिच्या दोन अडचणी आहेत. खिडक्यांतून माल दिसतो, आणि मागचा माल आणि तुमचं डोकं यांच्या मध्ये काहीच आडवं नसतं. पहिलीवर काळ्या कापडाचा पडदा चालतो, दुसरीवर मजबूत जाळी बसवावीच लागते.

लहान पॅनल व्हॅन ही मधली वाट. शहरात वळते, कुठेही उभी राहते, पेलोड बहुधा ६०० ते ८०० किलोंच्या आसपास. एकट्याने फिरणाऱ्या, मिश्र माल विकणाऱ्या नवशिक्याला मी पहिली हीच सुचवतो. तीत माल मावेनासा झाला तर धंदा वाढलाय, तेव्हा मोठी घ्या.

उंच छताची मोठी व्हॅन फर्निचरवाल्याची. आत ताठ उभं राहून माल बांधता येतो, आणि वाकून बांधणं व उभं राहून बांधणं यातला फरक तिसऱ्या तासाला कळतो. पण उंचीची किंमत आहे. तळघरातल्या आणि बहुमजली पार्किंगमध्ये बऱ्याच ठिकाणी दोन मीटर-दोन मीटर दहाची हद्द असते आणि उंच छताची व्हॅन बाहेरून अडीच मीटरच्या पुढे जाते. हॉटेल, हॉल, गोदामाची शटर, सगळीकडे आधी विचारावं लागतं. बाहेरची उंची एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. वाऱ्याच्या दिवशी महामार्गावर रिकामी उंच व्हॅन चांगलीच हलते, हेही लक्षात असू द्या.

पिकअपबद्दल थोडक्यात: उघड्या हौद्यात अँटिक नेऊ नये. ताडपत्री पाणी थोपवते, धूळ आणि धक्के थोपवत नाही. वर कडक टोपी बसवली तर चालेल, पण मजला उंच तो उंचच राहतो. बागेतली शिल्पं, दगडी कुंड्या, लोखंडी फाटकं विकणाऱ्यांना मात्र पिकअपच सोयीचा.

बंद पेटीचा ट्रक घ्यायचा तो दोघं-तिघं मिळून धंदा करत असाल तरच. भिंती सरळ, कोपरे चौकोनी, जागा वाया जात नाही. पण मजला कंबरेच्या वर, त्यामुळे टेल लिफ्टशिवाय तो निरुपयोगी, आणि गाडीखाली स्प्रिंग कडक, त्यामुळे काचेच्या मालाला धक्के जास्त.

ट्रेलरवर स्वतंत्र बोललं पाहिजे, कारण नवे लोक स्वस्त म्हणून तिकडे वळतात. त्याचे फायदे खरे आहेत. घरची गाडी तशीच राहते, ट्रेलर स्टॉलवर सोडून गाडी मोकळी होते, आणि मजला बऱ्याचदा व्हॅनपेक्षा खाली असतो. पण भार बरोबर रचला नाही तर तो रस्त्यावर आडवा डोलू लागतो, आणि एकदा डोलायला लागलेला ट्रेलर सावरणं अवघड. साधारण साठ टक्के वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे हवं. जोडाच्या टोकावर किती भार पडावा हे गाडी आणि ट्रेलर दोन्हींच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अमेरिकी पुस्तिका ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के सांगतात, युरोपातल्या गाड्यांना याहून कमी चालतं. मागे भार जास्त झाला की जोड वर उचलला जातो आणि गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटते. ट्रेलर मागे घेण्याचा सराव रिकाम्या मैदानात, एखादी सकाळभर, करा. प्रदर्शनाच्या फाटकात शिकायला जाऊ नका. आणि जोडाला कुलूप लावा, नाहीतर चोर दुसरी गाडी आणून मालासकट ट्रेलर ओढून नेतो.

पाचवी पायरी: प्रदर्शन कुठे भरतं ते बघा

बंद हॉलची प्रदर्शनं आणि उघड्या मैदानावरची प्रदर्शनं यांना गाड्या वेगळ्या लागतात. हॉलमध्ये गाडी फाटकाशी नेऊन ठरलेल्या वेळात माल उतरवायचा आणि गाडी लांब लावायची. तिथे लवकर रिकामी होणारी गाडी आणि चांगल्या चाकांची ट्रॉली महत्त्वाची. मोठ्या मैदानांवर बऱ्याचदा गाडी स्टॉलच्या मागेच उभी राहते आणि ती दिवसभर गोदाम, विश्रांतीची खोली आणि पावसातला आडोसा होते. इंग्लंडमधल्या न्यूअर्कचं प्रदर्शन सुमारे ८४ एकरांवर भरतं. अमेरिकेतल्या ब्रिमफील्डचं प्रदर्शन १९५९ पासूनचं, तिथे मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये शेतं भरून व्यापारी येतात. अशा ठिकाणी पाऊस झाला की गवताचा चिखल होतो.

चिखलात पुढच्या चाकांवर चालणारी, मागे भरलेली व्हॅन चढावर अडकते. भार मागे, ताकद पुढे, त्यामुळे पुढची चाकं नुसती फिरतात. मागच्या चाकांची व्हॅन भरलेली असताना बरी चालते, रिकामी असताना तीही फसते. म्हणजे खालच्या मजल्यासाठी जी गाडी मी मघाशी सुचवली, ती इथे कमी पडते. निवड तुमच्या कॅलेंडरवर आहे. वर्षातली बहुतेक प्रदर्शनं डांबरावर असतील तर खालचा मजला घ्या आणि मैदानासाठी सर्व ऋतूंचे टायर, दोन जाड फळ्या, ओढायचा पट्टा आणि ओढण्याची कडी कुठे बसते त्याची माहिती जवळ ठेवा. बहुतेक मैदानांवरच असतील तर मागच्या किंवा चारही चाकांवर चालणारी गाडी घ्या आणि मजल्याची उंची टेल लिफ्टने भागवा. फोर्ड ट्रान्झिट पुढच्या, मागच्या आणि चारही चाकांवर, अशा तिन्ही प्रकारांत बनते, त्यामुळे नाव तेच असलं तरी विकत घेताना कोणता प्रकार आहे हे खाली वाकून बघा.

शहरांतल्या हॉलना जाणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासायची. अनेक शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना मध्यभागात बंदी किंवा शुल्क आहे. स्वस्तात मिळालेली जुनी व्हॅन त्यामुळेच स्वस्त असू शकते. विजेची व्हॅन ठरलेल्या जवळच्या फेऱ्यांना छान, पण भरलेला माल, थंडी आणि महामार्गाचा वेग या तिन्हींनी तिचा पल्ला छापील आकड्यापेक्षा बराच घटतो. रात्री मैदानावर चार्जिंग मिळेल असं धरून चालू नका.

सहावी पायरी: आतली रचना

रिकामा पत्रा मालाचा शत्रू आहे. मजल्यावर न घसरणारं प्लाय, भिंतींना प्लायचं अस्तर, आणि भिंतीत दोन उंचींवर आडव्या खाचांच्या पट्ट्या, ज्यांत माल बांधायच्या पट्ट्यांचे हूक कुठेही अडकवता येतात. एवढं केल्याशिवाय गाडी तयार झाली असं म्हणू नका. भार बांधण्याच्या युरोपीय मानकात, ईएन १२१९५ मध्ये, पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर धरलेला आहे. ६० किलोचं कपाट जोरात ब्रेक दाबल्यावर ४८ किलोच्या जोराने पुढे येतं. म्हणून पुढे पार्टिशन, जड नग त्याला टेकून आणि खाली, हलके वर.

रॅचेटचा (दांडा मागेपुढे करून आवळायचा) पट्टा लाकडाच्या काठावर थेट आवळू नये, मध्ये घडी केलेलं पांघरूण किंवा जाड पुठ्ठा हवा. पट्टा घट्ट म्हणजे नग हलू नये एवढाच. जुन्या कपाटाचे सांधे रॅचेटच्या शेवटच्या दोन टिचक्यांत सुटतात. चित्रं आणि आरसे उभे, प्रवासाच्या दिशेला काठ करून. लंबकाच्या उभ्या घड्याळाचा लंबक आणि वजनं आधी काढायची, माथ्याचा भाग वेगळा गुंडाळायचा आणि खोका पाठीवर झोपवायचा. खण कपाटातच ठेवले तरी चालतात, पण ते बांधायला चिकटपट्टी लावू नका. काढताना पॉलिश घेऊन येते.

गरमी आणि ओल यांबद्दल गाडी घेतानाच विचार करा. उन्हात बंद उभ्या गाडीत पारा पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो. जुन्या फर्निचरचे सांधे आणि विनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) सरसाने चिकटवलेले असतात, आणि ऊब व दमटपणा मिळून हा सरस सैल करतात. मेणाच्या वस्तू वाकतात, ग्रामोफोनच्या तबकड्या वाकड्या होतात. रात्री उलट: एकेरी पत्र्याच्या छताला आतून दव धरतं आणि थेंब खाली पडतात, लाखेच्या पॉलिशवर पांढरे डाग उठतात. म्हणून छतालाही अस्तर हवं, छतात झडप हवी, आणि रंग पांढरा किंवा फिका घ्यावा. बबल रॅप थेट पॉलिशवर गुंडाळू नका, गरमीत त्याचे गोल ठसे उमटतात. आधी सुती कापड किंवा पांघरूण, मग प्लास्टिक.

गाडीत झोपणारे बरेच व्यापारी असतात. झोपा, पण मालाच्या आणि तुमच्या मध्ये पार्टिशन असू द्या आणि आत गॅसची शेगडी किंवा ज्योतीचा हीटर पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुरक्षेचं थोडक्यात: खिडक्या नसलेली बॉडी, मागच्या आणि बाजूच्या दारांना जादा कुलूप, अंगावर धंद्याचं नाव नाही. रात्री मागचं दार भिंतीला चिकटवून गाडी उभी करा. विम्यात दोन गोष्टी वेगळ्या विचारा. गाडीचा वापर धंद्यासाठी नोंदलेला आहे का, आणि प्रवासातल्या मालाचं संरक्षण आहे का. दुसऱ्यात बारीक अक्षरात एक अट असते: रात्री गाडी कोणी राखत नसताना मालाची चोरी झाली तर भरपाई नाही, किंवा गाडी कुलूपबंद आवारात असेल तरच. ती वाचूनच सही करा.

सातवी पायरी: विकत, भाड्याने, नवी की जुनी

पहिली काही प्रदर्शनं भाड्याच्या गाडीने करा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या मापाची घ्या. तुमची चौकट खरी की कागदावरची, हे त्यातच कळतं. त्यानंतर हिशोब मांडा. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे हप्ता किंवा घसारा, विमा, कर, उभी करायची जागा, याला वर्षातल्या प्रदर्शनांच्या संख्येने भागा. त्यात त्या फेरीचं इंधन, टोल आणि टायर-सर्व्हिसचा वाटा घाला. भरलेली मोठी व्हॅन शंभर किलोमीटरला दहा लिटर घेत असेल तर सहाशे किलोमीटरच्या जाऊन-येऊन फेरीला साठ लिटर जातात. लहान व्हॅन सहा-सात लिटरवर चालली तर छत्तीस ते बेचाळीस. आता एका प्रदर्शनातला तुमचा निव्वळ नफा, विक्री नव्हे, या आकड्याशेजारी लिहा. गाडी नफ्याचा मोठा घास घेत असेल तर लहान घ्या किंवा भाड्यावरच राहा. महिन्यातून एकदाच जाणाऱ्याला भाडं बहुधा स्वस्त पडतं.

जुनी घेत असाल तर इंजिन मेकॅनिकला बघू द्या. तुम्ही बघायच्या गोष्टी वेगळ्या. मजल्यावरचं प्लाय उचलून खालचा गंज. दारांच्या बिजागऱ्या, कारण रोज उघडणाऱ्या व्हॅनची दारं खाली बसतात. बाजूच्या सरकत्या दाराची खालची पट्टी. मागच्या स्प्रिंगचे पाटे थकलेत का, हे रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागून बघितलं की दिसतं. छताच्या सांध्यांतून पाणी येतं का, त्यासाठी वर नळाची धार धरायला सांगा आणि आत बसा. पाणी गळणारी व्हॅन कितीही स्वस्त असली तरी आपल्या कामाची नाही. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली डिझेल गाडी फक्त जवळच्या छोट्या फेऱ्यांवर चालवली असेल तर तो तुंबलेला असू शकतो, मागच्या मालकाने ती कशासाठी वापरली ते विचारा. स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत का, आणि मुख्य म्हणजे माल भरलेला असताना स्टेपनी काढता येते का, तेही करून बघा.

शेवटी चाचणी. रिकामी व्हॅन सगळ्याच छान चालतात. विक्रेत्याला सांगून तुमचा सगळ्यात मोठा नग, रॅम्प, ट्रॉली आणि डझनभर भरलेले खोके घेऊन जा आणि त्याच्या आवारातच भरा. मग चढ, खड्डे आणि एक जोराचा ब्रेक असलेला रस्ता चालवून बघा, परत येऊन एकट्याने उतरवा. विक्रेता यासाठी अर्धा तास देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.